नकाशावरची सीमारेषा कशी वाचायची?

एखाद्या परदेशी कंपनीच्या जाहिरातीत किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालात भारताचा नकाशा छापून येतो आणि त्यात जम्मू-काश्मीर तुटक रेषांनी वेगळं काढलेलं असतं. काही तासांत समाजमाध्यमांवर संताप उसळतो आणि लवकरच कंपनीचा माफीनामा येतो. २०२४ मध्ये नेपाळच्या मंत्रिमंडळाने शंभराच्या नोटेवर नवा नकाशा छापायचं ठरवलं. त्यात आपण उत्तराखंडचा भाग मानतो ती लिपुलेख आणि कालापानीची जमीन नेपाळची दाखवलेली आहे. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात पाच दिवस तोफा धडाडल्या. त्या वादाच्या मुळाशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक नकाशा आहे.

अशा बातम्या वाचून राग येतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण नेमकं काय चुकलं, कुणाचं चुकलं आणि कागदावरच्या रेषेने जमिनीवर काय फरक पडतो, हे बातमीत क्वचितच सांगितलेलं असतं. खरं तर थोडी सवय केली तर राजकीय नकाशा वाचता येतो.

एका रेषेत तीन गोष्टी

राजकीय नकाशा म्हणजे देश, राज्यं, जिल्हे यांच्या सीमा दाखवणारा नकाशा. शाळेच्या भिंतीवर टांगलेला असतो तो. त्यात सगळ्या सीमा सारख्याच ठाम दिसतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गावाकडे जमीन असलेल्या माणसाला हे चटकन कळेल. सातबाऱ्यावर नाव एकाचं, प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची आणि बांध नेमका कुठून जातो याची मोजणी कधी झालेलीच नाही, अशी प्रकरणं हवी तेवढी सापडतात. जमीन माझी आहे असं म्हणणं, ती कसत असणं आणि शेजाऱ्याने बांध मान्य करून कागदावर सही केलेली असणं, या तीन वेगळ्या बाबी आहेत. देशांच्या सीमेचंही असंच असतं. दावा, ताबा आणि करार. तिन्ही जुळले की सीमा शांत असते आणि नकाशावरची ठाम रेष खरोखर ठाम असते. एखादी गोष्ट जुळली नाही की तीच रेष वादाची होते, पण छापताना ती तशीच दिसते.

आणखी दोन शब्द लागतील. करारात किंवा नकाशावर सीमा कुठून जाते हे ठरवण्याला सीमानिश्चिती म्हणतात. मग मोजणी करून जमिनीवर खांब रोवण्याला सीमांकन म्हणतात. बऱ्याच भांडणांत पहिली गोष्ट झालेली असते आणि दुसरी राहून गेलेली असते.

भारताचा माथा: एक रेष, पण चार प्रकारची

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत एकच सलग सीमा दिसते. ही आपल्या देशाची अधिकृत भूमिका आहे आणि तिला घटनेचा व संसदेचा आधार आहे. पाकिस्तानच्या ताब्यातला प्रदेशही भारताचाच आहे, असा ठराव संसदेने २२ फेब्रुवारी १९९४ रोजी एकमताने केला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यादीत भारत-अफगाणिस्तान सीमा १०६ किलोमीटरची आहे. आज एकही भारतीय जवान त्या सीमेपर्यंत पोचू शकत नाही, कारण तो भाग पाकव्याप्त काश्मीरच्या पलीकडच्या टोकाला आहे. दावा म्हणजे काय आणि ताबा म्हणजे काय, हे या एका आकड्यातून कळतं.

प्रत्यक्ष जमिनीवर मात्र त्या सलग रेषेच्या आत आणखी रेषा आहेत. गुजरातपासून जम्मूपर्यंत पाकिस्तानशी आंतरराष्ट्रीय सीमा आहे. (जम्मूच्या पट्ट्यालाही पाकिस्तान ‘कार्यकारी सीमा’ म्हणतो, म्हणजे तिथेही पूर्ण मान्यता नाही.) त्यापुढे नियंत्रण रेषा सुरू होते. १९४९ च्या कराची करारात ती युद्धबंदी रेषा होती. १९७१ च्या युद्धानंतर सिमला करार झाला आणि डिसेंबर १९७२ मध्ये दोन्ही लष्करांच्या अधिकाऱ्यांनी नकाशांवर सह्या करून ती नव्याने ठरवली. त्यामुळे नियंत्रण रेषा ही दोन्ही देशांना मान्य असलेली ताब्याची रेषा आहे. सार्वभौम सीमा म्हणून तिला दोघांपैकी कुणीच मानत नाही. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, जगाने पाकिस्तानला माघार घ्यायला सांगितलं त्यामागे हा सह्या केलेला कागद होता. भारतीय हवाई दलालाही ही रेषा न ओलांडण्याचा आदेश होता.

ही रेषा उत्तरेला ‘एनजे ९८४२’ नावाच्या बिंदूशी थांबते. पुढे ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत’ एवढंच १९४९ च्या करारात लिहिलेलं आहे. तिथे कोण जाणार आणि कशाला जाणार, असं तेव्हा वाटलं असावं. पुढे काही अमेरिकी नकाशांत ही रेषा ईशान्येला थेट काराकोरम खिंडीपर्यंत ओढलेली दिसू लागली. ती तशी कुठल्याही करारात नव्हती. पाकिस्तानने परवाने दिलेले परदेशी गिर्यारोहक त्या भागात जाऊ लागले, तेव्हा भारतीय लष्कराला धोका कळला. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं आणि सियाचीनच्या कड्यावर भारताने ठाणी उभी केली. ठाण्यांची ही रेषा म्हणजे तिसरा प्रकार. एका अर्धवट वाक्यामुळे जगातली सर्वांत उंच रणभूमी तयार झाली. माणसं तिथे गोळीपेक्षा थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवेने जास्त मेली आहेत. सैन्य मागे घेण्याची बोलणी अनेकदा झाली, पण आज प्रत्यक्ष ठाणी जिथे आहेत ती नकाशावर मान्य करून द्या, ही भारताची अट आहे. ताब्याचं रूपांतर आधी कागदात करा, असा तिचा अर्थ. पूर्वानुभव पाहता मला ती अट रास्त वाटते.

चौथा प्रकार म्हणजे चीनशी असलेली प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. नावात साम्य असलं तरी पाकिस्तानशी असलेल्या नियंत्रण रेषेशी तिची गल्लत करू नये. इथे दोघांनी सह्या केलेला नकाशाच नाही. १९९३ च्या करारात दोन्ही देशांनी ही रेषा पाळायचं मान्य केलं, पण ती कुठून जाते हे ठरवलं नाही. २००० साली फक्त मधल्या पट्ट्याचे, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडच्या बाजूचे नकाशे एकमेकांना दिले गेले. लडाखच्या नकाशांवर पुढे बोलणी अडली ती कायमची. त्यामुळे दोन्ही बाजूंचे गस्ती जवान आपापल्या समजुतीच्या रेषेपर्यंत जातात आणि अनेक ठिकाणी या समजुती एकमेकींवर चढतात. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले, त्याला अशीच पार्श्वभूमी होती.

जाड निब आणि नमका चू

पूर्वेकडे, अरुणाचलच्या माथ्यावर, मॅकमोहन रेषा आहे. मार्च १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव हेन्री मॅकमोहन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोंचेन शात्रा यांनी ती मान्य केली. चीनने ती कधीच स्वीकारली नाही. तिबेटला करार करण्याचा अधिकारच नव्हता, असं चीन म्हणतो. तिबेट तेव्हा स्वतःचा कारभार स्वतः पाहत होता, हे त्यावरचं भारताचं उत्तर आहे.

या मोठ्या वादाच्या आत एक छोटा तांत्रिक वाद आहे आणि तो जिवावर बेतला. मूळ नकाशाचं प्रमाण एका इंचाला आठ मैल होतं, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो. जाड निबाने ओढलेल्या रेषेत एखादी अख्खी वाडी बुडते. त्यात तो डोंगराळ मुलूख नीट मोजलेलाही नव्हता. रेषा पाणलोटाच्या कड्यावरून, म्हणजे पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं त्या उंच धारेवरून जावी, हे तत्त्व होतं. पण तवांगच्या पश्चिमेला कागदावरची रेष थागला धारेच्या दक्षिणेला पडली. तत्त्व पाहिलं तर धार भारताची आणि शाई पाहिली तर वादाची. १९६२ च्या उन्हाळ्यात भारताने धारेच्या दक्षिणेला, नमका चू ओढ्याजवळ धोला चौकी उभारली. सप्टेंबरमध्ये चिनी सैन्य धार उतरून आलं आणि २० ऑक्टोबरला पहाटे तिथूनच मोठं आक्रमण सुरू झालं. युद्धाची कारणं अर्थात त्याहून मोठी होती. तिबेट, दलाई लामांचं भारतात येणं, अक्साई चीनमधला चीनने १९५७ पर्यंत बांधून काढलेला रस्ता ही त्यातली ठळक.

अक्साई चीनबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या सरकारी नकाशांत लडाखच्या त्या बाजूला ‘सीमा अनिश्चित’ असा शेरा असे. जुलै १९५४ मध्ये नेहरूंच्या आदेशानंतर नव्या नकाशांत तिथे ठाम रेष आली. यावरून भारताचा दावा बनावट ठरत नाही. १८६५ साली सर्वेक्षण अधिकारी जॉन्सन यांनी आखलेल्या रेषेपासूनचा आधार त्याला आहे. पण ब्रिटिशांनी १८९९ मध्ये चीनला वेगळी रेषाही सुचवली होती आणि चीनने तिला उत्तर दिलं नाही. इतका गुंता असलेली सीमा शाळेच्या नकाशात एका रेषेत मावते आणि म्हणून ती पहिल्यापासून तशीच होती असं वाटत राहतं.

‘कागदावर काहीही छापू देत, जमीन थोडीच हलते?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो निम्मा बरोबर आहे. बुर्किना फासो आणि माली यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केलं की नकाशा म्हणजे केवळ माहिती. करारनाम्याचा भाग असल्याशिवाय तो स्वतःच्या बळावर कुणाला जमिनीचा हक्क देत नाही.

उरलेलं निम्मं समजून घ्यायचं तर प्रेह विहारला जावं लागेल. थायलंड-कंबोडिया सीमेवर दांगरेक डोंगराच्या कड्यावर उभं असलेलं हे जुनं शिवमंदिर आहे. १९०४ मध्ये फ्रान्स (तेव्हा कंबोडिया त्याच्या अमलाखाली होता) आणि सयाम, म्हणजे आजचा थायलंड, यांच्यात करार झाला की सीमा पाणलोटाच्या धारेने जाईल. त्यानुसार मंदिर सयामकडे पडत होतं, असं थायलंडचं म्हणणं. पण १९०७ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी जो नकाशा काढला त्यात मंदिर कंबोडियात दाखवलं गेलं. सयामने नकाशा स्वीकारला आणि वर आणखी प्रती मागवल्या. १९३० मध्ये राजपुत्र दामरोंग मंदिर पाहायला गेले तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने झेंडा लावून त्यांचं स्वागत केलं. सयामने तेव्हाही हरकत घेतली नाही. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं. तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात, म्हणजे नकाशा तुम्हाला मान्य होता, असा त्या निकालाचा गाभा.

मंदिराचा प्रश्न सुटला, पण आजूबाजूच्या जमिनीचा सुटला नाही. कंबोडिया अजून फ्रेंचांच्या एकास दोन लाख प्रमाणाच्या नकाशांवर बोट ठेवतो आणि थायलंड स्वतःच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर. २०११ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्या डोंगरात माणसं मेली.

आता आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची पत्रकं वेगळी दिसतील. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने आपला ‘प्रमाण नकाशा’ प्रसिद्ध केला, त्यात अरुणाचल आणि अक्साई चीन चीनमध्ये होते. भारताने लगेच निषेध नोंदवला. २०१२ मध्ये चीनने पारपत्रावर असाच नकाशा छापला, तेव्हा भारताने त्या पारपत्रांवर आपल्या नकाशाचा व्हिसा लावायला सुरुवात केली. हे निषेध वाचून ‘नुसतं बोलून काय होतंय’ असं अनेकांना वाटतं. पण गप्प बसण्याची किंमत प्रेह विहारमध्ये दिसली आहे.

नेपाळचा राग कुठून आला?

१८१६ साली लागू झालेल्या सुगौली तहात नेपाळने काली नदीच्या पश्चिमेकडचा प्रदेश सोडला. नदी ही सीमा ठरली. पण नदी उगम पावते कुठे? नेपाळ म्हणतो लिंपियाधुराच्या बाजूने येणारा प्रवाह हीच खरी काली, तर भारताच्या मते ती कालापानीजवळच्या झऱ्यांपासून सुरू होते. दोन उगमांच्या मधली जमीन सुमारे ३३५ चौरस किलोमीटर भरते. तहासोबत नकाशा जोडलेला नव्हता आणि एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिशांचे नकाशे आपापसांत जुळत नाहीत, त्यामुळे दोघांनाही आपल्या सोयीचा जुना कागद सापडतो. ताबा भारताचा आहे. कैलास-मानसरोवरची वाट लिपुलेखवरून जाते आणि चीनच्या सीमेमुळे त्या खिंडीचं लष्करी मोलही मोठं आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेनंतर भारताने नवा राजकीय नकाशा प्रसिद्ध केला. नेपाळकडची सीमा त्यात बदललेली नव्हती, पण काठमांडूत रस्त्यावर लोक उतरले. मे २०२० मध्ये लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात नेपाळने स्वतःचा नवा नकाशा काढला. जूनमध्ये घटनादुरुस्ती करून तो राष्ट्रचिन्हातही घेतला. नकाशा एकदा घटनेत गेला की कुठल्याही सरकारला तडजोड करणं अवघड होऊन बसतं. नेपाळ-भारत सीमेचा सुमारे ९८ टक्के भाग दोन्ही बाजूंच्या तंत्रज्ञांनी एकत्र बसून नकाशांवर आणला होता. उरलेले दोनच टक्के आज सगळ्या संबंधांवर पसरले आहेत, याचं वाईट वाटतं.

नकाशा आपला कसा होतो?

वाराणसीला भारतमाता मंदिर आहे. तिथे मूर्ती नाही. गाभाऱ्यात संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे, डोंगर-नद्यांसकट. बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी ते बांधलं आणि १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ते खुलं झालं. गुप्तांना ही कल्पना पुण्यात महर्षी कर्व्यांच्या आश्रमात मातीचा नकाशा पाहून सुचली, असं सांगतात. त्यानंतर अकराच वर्षांनी फाळणीच्या सीमा आयोगाचे ब्रिटिश अध्यक्ष सिरिल रॅडक्लिफ यांनी त्या देशावर रेषा ओढली. ते ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा भारतात आले आणि निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. स्वातंत्र्याच्या दिवशी मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि खुलन्यात भारताचा. दोन दिवसांनी उलट झालं.

देशाची आकृती मनात इतकी पक्की बसते की तिच्यातला तुकडा गेलेला दिसला तर इजा झाल्यासारखं वाटतं. ही भावना शिकवल्यामुळे आलेली आहे, पण म्हणून ती खोटी नाही. कायदाही तिच्या बाजूला आहे. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणाऱ्याला १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्येक देश कमी-अधिक प्रमाणात हेच करतो. म्हणूनच गुगल मॅप्स भारतात उघडला तर काश्मीर सलग दिसतं आणि परदेशात उघडला तर तिथे तुटक रेषा येतात. परदेशी राहणाऱ्या मराठी मुलांनी शाळेत पाहिलेला नकाशा आणि सुट्टीत आजोबांच्या घरी पाहिलेला नकाशा जुळला नाही तर त्यांना हे समजावून सांगायला हवं. रागावून उपयोग नाही.

‘मग असले वाद कधी सुटतच नाहीत का?’

सुटतात. भारत-बांगलादेश सीमेवर कूचबिहारच्या परिसरात १६२ भूवेष्टित वस्त्या होत्या, म्हणजे चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेले तुकडे. १११ भारताच्या, बांगलादेशात अडकलेल्या, आणि ५१ बांगलादेशाच्या, भारतात अडकलेल्या. तिथल्या लोकांना ना मतदान, ना शाळा, ना वीज. पोलिसांकडे जायचं तर आधी परका देश ओलांडावा लागे. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी १९७४ मध्ये करार केला, पण तो अमलात यायला २०१५ उजाडलं. संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती केली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. भारताने जितकी जमीन मिळवली त्याहून बरीच जास्त, सुमारे १०,००० एकरांनी जास्त, दिली. नकाशा लहान झाला म्हणून तेव्हा कुठे दंगल झाली नाही. कुठल्या देशात राहायचं हे रहिवाशांना विचारलं गेलं आणि भारतातल्या बांगलादेशी वस्त्यांतलं एकही माणूस पलीकडे गेलं नाही.

बेळगाव: तोच नकाशा, घरातला

बेळगावचा प्रश्न एकाच देशातला असला तरी तोही याच तीन शब्दांत मांडता येतो. आपला जीव त्यात अडकलेला असल्याने जास्त काळजीपूर्वक मांडायला हवा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड वगळून, म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव शहरात १९५१ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांचं बहुमत होतं. खेडं हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता या तत्त्वांवर सीमा ठरवा, ही महाराष्ट्राची मागणी. आंध्र-मद्रास सीमेसाठी नेमलेले मध्यस्थ ह. वि. पाटसकर यांनी वापरलेली ती पद्धत होती. १९६६ मध्ये केंद्राने महाजन आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणी, खानापूर आणि अडीचशेवर गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, तर अक्कलकोटसह काही भाग कर्नाटकला. बेळगाव शहर मात्र तीन बाजूंनी कन्नड भाषक प्रदेशाने वेढलेलं आहे असं म्हणून कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने जसाच्या तसा लागू करा म्हटलं.

थोडक्यात, ताबा आणि कायद्यातली सीमा कर्नाटककडे आहे आणि महाराष्ट्राकडे दावा आहे. कराराच्या जवळ जाणारा महाजन अहवाल एका बाजूने फेटाळलेला आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला एकाच शहरात काही लोक राज्योत्सव साजरा करतात आणि काही लोक काळा दिवस पाळतात. कर्नाटकाने तिथे सुवर्ण विधानसौध बांधलं आणि २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं. या कृती भावनिक वाटतात, पण त्या ताबा पक्का करण्याच्याही आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिथला पहिला प्रश्न मराठी किती आणि कन्नड किती हा नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने फक्त संसदेला दिला आहे, न्यायालय त्यात पडू शकत नाही, असं कर्नाटक म्हणतं. दोन राज्यांमधला वाद ऐकण्याचा अधिकार १३१ व्या कलमाने न्यायालयाला आहे, असं महाराष्ट्राचं म्हणणं. म्हणजे रेष कुठून जावी याच्या आधी ती ओढायची कुणी, हे ठरायचं आहे.